उपकेंद्रातल्या सिस्टरची जबाबदारी

एएनएमच्या, म्हणजे गावपातळीवरच्या परिचारिका-प्रसाविकेच्या अभ्यासक्रमाच्या, पहिल्या वर्षाच्या मुली पुढे बसल्या आहेत, मागे त्यांचे आईवडील आहेत. दोघांसाठीही बोलते.

मुलींनो, तुमच्याकडे लोक ‘डॉक्टरांच्या हाताखालची’ म्हणून बघतील. पण तुम्ही जिथे काम करणार, तिथे डॉक्टर समोर नसतात. सपाटीवर ५,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असा सरकारी निकष आहे. मेडिकल ऑफिसर असतात प्राथमिक आरोग्य केंद्रात. आता बऱ्याच उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी आले, चांगलं झालं. तरी आशाताईंना घेऊन वस्तीवर जाणारी आणि गरोदर बायकांना नावानिशी ओळखणारी सिस्टरच असते. काय आपण हाताळायचं आणि काय पुढे पाठवायचं, हे ऐनवेळी तिलाच ठरवावं लागतं.

लसीकरणाचंच घ्या. डीप फ्रीजरमधले आइस पॅक काढले की लगेच कॅरियरमध्ये, म्हणजे लसी नेण्याच्या डब्यात, घालायचे नसतात. थोडा वेळ बाहेर ठेवायचे आणि कानाशी धरून हलवायचे. आत पाणी खळखळलं, की मगच चार पॅक लावायचे. घाई केली तर पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच रोगांवरची एकत्र लस, गोठू शकते, आणि गोठली की ती वापरायची नाही. ती वितळल्यावरही देऊन टाकली तर बाळ रडतं, कार्डावर तारीख पडते, आई निश्चिंत होऊन घरी जाते, पण बाळाला हवं तेवढं संरक्षण मिळालेलं नसतं. ही चूक कुठल्याही रजिस्टरमध्ये दिसत नाही, म्हणून मला तिची फार भीती वाटते. गोवर-रुबेलाची कुपी पातळ केली की तिच्यावर वेळ लिहा. चार तासांनंतर ती वापरायची नाही. नंतर लांबच्या पाड्यावरून एकच आई आली, तरी नवी कुपी फोडा. बाकीचे डोस वाया जातील म्हणून त्या माउलीला परत पाठवू नका.

गरोदर बाईच्या तपासणीत वजन, हिमोग्लोबिन, लघवी, बीपी हे सगळं येतं, ते तुम्ही शिकालच. मी बीपीवर थांबते. १४०/९० किंवा त्याहून वर गेलं, लघवीत प्रथिनं आली, बाई म्हणाली ‘डोकं ठणकतंय, अंधारी येते’, तर ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणायचं नाही, त्याच दिवशी पाठवायचं. आणि झटके सुरू झाले तर? केंद्र सरकारच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मॅग्नेशियम सल्फेटचा, म्हणजे झटके थांबवणाऱ्या इंजेक्शनचा, पहिला डोस एएनएमने द्यायचा आहे. दोन्ही कुल्ल्यांत खोलवर पाच-पाच ग्रॅम, म्हणजे ५० टक्क्यांच्या दोन मिलीच्या पाच अँप्युल एका बाजूला, पाच दुसऱ्या बाजूला. एवढा डोस देण्याचा अधिकार तुमचा आहे, आणि तो वापरायला कचरू नका. पुढचे डोस रुग्णालयात.

पालकांनो, एवढं काम करणाऱ्या कितीतरी जणी वर्षानुवर्षं कंत्राटावर आहेत, हे मला अजिबात पटत नाही. रात्री-अपरात्री मुलगी बाळंतपणाला गेली म्हणून घरात कुणी तोंड वाकडं केलं, तर निदान तुम्ही तिची बाजू घ्या.

आणि मुलींनो, झटके आलेल्या बाईला १०८ येईपर्यंत डाव्या कुशीवर ठेवा. चिठ्ठीवर बीपी, डोस आणि दिल्याची वेळ ठळक लिहा. पुढचा डोस कधी द्यायचा, हे रुग्णालयातले डॉक्टर त्याच वेळेवरून मोजतात.