विजयाबाई आणि तो वाडा

नमस्कार, श्रोतेहो.

एका म्हाताऱ्या बाईचा क्षीण आवाज येतो. किती वाजले, असं ती पुन्हा पुन्हा विचारत राहते. महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’तली ही दादी. १९८५ साली दिग्दर्शिका विजया मेहतांनी हे नाटक बसवलं आणि त्यात वहिनीची भूमिकाही केली.

विजयाबाईंविषयी बोलताना मला आधी हा वाडाच आठवतो. विदर्भातले देशपांडे. घरातले कर्ते तात्याजी गेलेत, तेराव्याच्या खर्चाची चिंता आहे, दारात ट्रॅक्टर गंजत पडलाय. आणि एका रात्री वहिनी घराण्याचे दागिने अंगावर चढवते. एरवी राबणारी ती बाई घडीभर त्या घराचं गेलेलं वैभव होऊन उभी राहते. पुढे काय होणार ते माहीत असूनही या प्रसंगाला माझा गळा दाटून येतो.

बाईंचा जन्म १९३४चा, बडोद्याचा. मुंबईत इब्राहिम अल्काझी आणि आदी मर्झबान यांच्याकडे त्या शिकल्या. १९६० साली विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे यांच्यासोबत ‘रंगायन’ ही प्रायोगिक नाट्यसंस्था सुरू केली. फ्रेंच नाटककार आयनेस्कोच्या ‘खुर्च्या’ मराठीत आल्या त्या इथेच, आणि १९६६ साली चिं. त्र्यं. खानोलकरांचं ‘एक शून्य बाजीराव’ही. खानोलकरांनीच पुढे जर्मन नाटककार ब्रेश्टचं नाटक ‘अजब न्याय वर्तुळाचा’ म्हणून मराठीत आणलं. ते बसवताना जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ बाईंच्या जोडीला होते.

प्रायोगिकवाले व्यावसायिक नाटकाकडे वळले की काहीतरी गमावलं, असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. मला ते अजिबात पटत नाही. बाईंनी बसवलेल्या ‘बॅरिस्टर’मध्ये विक्रम गोखले, ‘पुरुष’मध्ये नाना पाटेकर. ही नाटकं तिकीट काढून आलेल्या माणसांसाठी होती. बाईंनी त्या माणसांना कमी लेखलं नाही. रंगायनच्या तालमींत कमावलेली शिस्त त्यांनी या प्रेक्षकांसमोरही तशीच ठेवली. हे त्यांचं मोठं काम आहे, असं मी मनापासून मानतो.

तुमच्यापैकी कोणी बाईंचं ‘बॅरिस्टर’ किंवा ‘हमीदाबाईची कोठी’ नाट्यगृहात बसून पाहिलं असेल, तर आज रात्री जेवताना घरातल्या मुलांना त्या प्रयोगाविषयी सांगा. नुसती गोष्ट नको. कोण कुठे उभं होतं, उजेड कुठून येत होता, कोणत्या क्षणी सगळं नाट्यगृह गप्प झालं, तेही सांगा.

नमस्कार.