हिकडं कापतंय, तिकडं चावतंय

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो, विषय फळ्यावर लिहिलाय : 'गोल्फच्या मैदानासाठी नवा मेकॅनिक कसा निवडावा'. तो वाचूनही तुम्ही आलात, म्हणजे एक तर तुम्हाला घरी काम नाही, नाहीतर चहाबरोबर बटाटेवडा आहे ही बातमी फुटलेली दिसते. चालेल. समोर निम्मे लोक पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले आहेत, तेव्हा फट मोजायची पातळ पट्टी, म्हणजे फीलर गेज, काय असते ते मला सांगायला नको.

गोल्फचं ग्रीन म्हणजे जिथे भोक असतं ती मऊ हिरवी जागा. तिथलं गवत साधारण तीन मिलिमीटरवर कापतात. तुमच्या बोटातल्या अंगठीपेक्षाही बुटकं. हे काम पंख्यासारख्या फिरत्या पात्याचं यंत्र करत नाही, रील मोअर करतो. वळणदार पात्यांचा रूळ फिरतो, खाली एक स्थिर पातं असतं, त्याला बेडनाइफ म्हणतात. दोघांची मिळून कात्री. आता गंमत बघा. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ सालचा आणि गवत कापायच्या यंत्राचं पेटंट १८३० सालचं. म्हणजे आपल्याकडे गोल्फ आधी आला, यंत्र नंतर. तोवर विळे होते, मेंढ्या होत्या. मेंढीला मेकॅनिक लागत नाही आणि ती पगारवाढही मागत नाही! आणि ते यंत्र काढलं कुणी? एडविन बडिंग नावाच्या इंग्रज कारागिराने. कापड गिरणीत लोकरी कापडावरची लव कातरायचं यंत्र असतं, ते बघून त्याला सुचलं. ही कापडाची गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी सव्वीस वर्षं अशाच एका मैदानाची देखभाल केली. नाव सांगत नाही, तिथले सभासद इथेही असतील. आमचा जुना मेकॅनिक निवृत्त झाला. तो जाणार हे तीन वर्षं सगळ्यांना माहीत होतं आणि जाहिरात निघाली तो गेल्यावर पंधरा दिवसांनी. सरबराईचा ठेका मात्र सहा महिने आधी ठरायचा. असो. मुलाखतीला मोटारीच्या वर्कशॉपमधला एक मुलगा आला. हुशार, फाईल ही एवढी जाड. मी विचारलं, इंजिनाचा आवाज बदलला तर आधी काय बघशील? काय उत्तर दिलं हो त्याने! मीच पाघळलो. घेतला.

आठव्या-दहाव्या दिवशी सगळी ग्रीन्स पांढुरकी. सेक्रेटरी म्हणाले पाणी कमी पडतंय. पाणीवाला म्हणाला खत जास्त झालंय. खतवाल्याने बुरशी ठरवली आणि आम्ही चांगल्या पैशांचं बुरशीनाशक मारून मोकळे झालो. शेवटी मी भिंग घेऊन सातव्या ग्रीनवर गुडघे टेकले. मागून एक सभासद म्हणतात, "नमाज पढताय की नाणं हरवलंय?" पाहतो तर गवताच्या प्रत्येक पात्याचं टोक चावलेल्या कडुलिंबाच्या काडीसारखं पिंजलेलं. गवत कापलं जात नव्हतं, ओरबाडलं जात होतं. त्या मुलाने रील बेडनाइफवर करकचून आवळला होता. घट्ट म्हणजे चांगलं. गाडीच्या चाकाचा नट ढिला राहिला तर माणूस मरतो, हीच त्याची शिकवण. इथे आवळलं की पातं तापतं आणि धार मरते. त्याचं चुकलं नाही, माझं चुकलं. इंजिन विचारलं मी, आणि कापायचं होतं गवत.

मग आमच्या एका माळ्याचा मेव्हणा आला. इचलकरंजीचा, यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग जुळवून देणारा कारागीर, होता. माग भंगारात गेले, हा पुण्याला आला. इंजिनाकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. रील हाताने सावकाश फिरवला, वर्तमानपत्राची पट्टी मागितली आणि डावीकडे, मध्ये, उजवीकडे अशी घालून पाहिली. म्हणाला, "साहेब, हिकडं कापतंय, तिकडं चावतंय." स्क्रू जरासा फिरवला, पुन्हा कागद घातला. बडिंगसाहेब गिरणीतून गवताकडे गेले, आमचा जॉबरही त्याच वाटेने आला!

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. म्हणजे मूळ विषयाला पाच मिनिटं, उत्तम.

तर भराभर सांगतो. मुलाखत खोलीत घेऊ नका, शेडमध्ये घ्या. बिघडवून ठेवलेला मोअर आणि एक वर्तमानपत्र द्या आणि गप्प बसा. दुसरं, त्याला हायड्रॉलिकच्या नळ्या दाखवा. मोठ्या मोअरमधलं गरम तेल ग्रीनवर गळलं की यंत्र जाईल तिथवर गवत मरतं, सरळ रेघ मारल्यासारखं, आणि ती रेघ भरायला काही आठवडे लागतात. नळी कधी तपासतोस, असं विचारा. "गळली की" म्हणाला तर चहा पाजून निरोप द्या. तिसरं, वही. कुठल्या रीलला कधी धार लावली ते लिहिणारा हवा, कारण बरेच सुटे भाग परदेशातून येतात आणि ऐन स्पर्धेच्या आठवड्यात ते येत नाहीत. यंत्रं उजाडायच्या आत मैदानात जातात, तेव्हा पहाटे चारला उठेल का, हेही विचारा, बायकोलाही विचारा. आणि जुना माणूस जायच्या आधी दोन महिने नवा त्याच्या हाताखाली असू दे. पगाराचं... राहू दे, अध्यक्ष घड्याळ दाखवतायत.

या दोन पट्ट्या आणल्यात, मागच्या रांगेपर्यंत जाऊ द्या. चुरगळलेली आहे ती आवळलेल्या रीलची, सुबक कापलेली जॉबरची. दुसरी मात्र परत करा हं, तिच्या पाठीवर माझं शब्दकोडं अर्धं राहिलंय.