रक्ताच्या कॅन्सरची रोजची गोळी थांबवायची का?

नमस्कार. हा कागद दिसतोय? माझा पीसीआरचा, म्हणजे आजाराचा जीन रक्तात किती उरलाय ते मोजणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट आहे. खाली ठळक अक्षरांत एकच आकडा आहे, ०.००८ टक्के. मला सीएमएल आहे, क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. इमॅटिनिबची ४०० मिलिग्रॅमची गोळी, रात्रीच्या जेवणानंतर, मोठ्या ग्लासभर पाण्याबरोबर. सात वर्षं झाली. सकाळी पापण्या सुजलेल्या असतात, रात्री पोटरीत गोळे येतात. त्यामुळे आमची आत्या दर दिवाळीला विचारते, "अगं, रिपोर्ट चांगला आहे ना, मग रोज औषध कशाला?"

प्रश्न रास्त आहे. आणि मला खरंच आनंद होतो सांगताना, की आज काही जणांना डॉक्टर स्वतःहून म्हणतात, थांबवून बघू या.

सुरुवात फ्रान्समध्ये झाली. तिथल्या डॉक्टरांनी १०० जणांची इमॅटिनिब थांबवली. सगळ्यांच्या रक्तात निदान दोन वर्षं आजाराचा मागमूस सापडला नव्हता. २०१० साली निकाल छापून आला : वर्षभरानंतर साधारण ४१ टक्के लोक गोळीविना ठीक होते. पुढे युरोपात साडेसातशेच्या वर लोकांवर हेच करून पाहिलं. दोन वर्षांनी जवळजवळ निम्मे गोळीविना होते.

म्हणजे निम्म्यांचा आजार परत आला. पण "परत आला" म्हणजे काय, ते नीट ऐका. ते लोक काही आजारी पडून दवाखान्यात पोचले नव्हते. त्यांचा आकडा ०.१ टक्क्याच्या वर गेला, एवढंच. गोळी लगेच सुरू केली आणि बहुतेक सगळ्यांचा आकडा पुन्हा खाली आला. कारण तो दर महिन्याला मोजला जात होता.

हे मोजणं सीबीसीत, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या नेहमीच्या तपासणीत, होत नाही. गोळी सुरू झाल्यावर पांढऱ्या पेशींचे काउंट काही आठवड्यांत, महिन्यांत नॉर्मल होतात आणि घरात पेढे वाटले जातात. पण ९ आणि २२ नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन जो बीसीआर-एबीएल जीन तयार होतो, तो अजून रक्तात असतो. तो सीबीसीत दिसत नाही, पीसीआरमध्ये दिसतो. काउंट बघून गोळी सोडणं आणि पीसीआर बघत गोळी थांबवणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिली गोष्ट कृपा करून करू नका.

मग कुणी विचार करावा? आजार कायम पहिल्या, क्रॉनिक टप्प्यात राहिलेला हवा. इमॅटिनिब निदान पाच वर्षं झालेली हवी. आकडा ०.०१ किंवा त्याखाली किमान दोन वर्षं टिकलेला हवा, तीन असतील तर उत्तम. थांबवल्यावर पहिले सहा महिने दर महिन्याला पीसीआर, कारण परतणारा आजार बहुतेक वेळा याच काळात परततो. त्यानंतर थोड्या जास्त अंतराने, पण तपासणी चालूच.

आणखी एक. गोळी थांबल्यावर काही जणांचे खांदे, गुडघे, कंबर आठवडेच्या आठवडे दुखतात. तो आजार नव्हे, गोळी सुटल्याचा परिणाम आहे. आधी माहीत असलं की माणूस घाबरत नाही.

ज्या बायकांना मूल हवंय त्यांच्यासाठी हा विषय फार जवळचा आहे. गरोदरपणात ही गोळी बाळाला धोक्याची असते. दिवस जाण्याआधी डॉक्टरांशी बोला, नंतर नव्हे.

माझं म्हणाल तर मी अजून थांबवलेली नाही. ०.०१ च्या खाली येऊन मला दीडच वर्ष झालंय. आणि आमच्या गावातून सॅम्पल मुंबईला जातं, रिपोर्ट यायला तीन-तीन आठवडे लागतात. दर महिन्याच्या तपासणीत तीन आठवडे वाट बघण्यात गेले, तर आकडा वर गेलेला मला कळणार कधी? लवकर रिपोर्ट देणारी लॅब आणि वर्षभराच्या तपासण्यांचे पैसे, या दोन्हींची सोय आधी करायची, असं मी आणि माझ्या डॉक्टरांनी ठरवलंय.

शेवटचं त्यांच्यासाठी, ज्यांनी कुणालाच न सांगता गोळी सोडली आहे. पैशांमुळे, मळमळीमुळे, नुसत्या कंटाळ्यामुळे. मला तुमचा राग नाही, मी समजू शकते. उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करा, किती दिवस गोळी घेतली नाही ते खरं सांगा आणि पीसीआर करून घ्या. ओरडा बसेल. बसू दे.