हात न राखता

(नागपुरात महाल भागातल्या एका आखाड्यात मर्दानी खेळ शिकवणाऱ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

मंडळी, अकरा वर्षांपूर्वी याच मातीत माझ्या एका विद्यार्थ्याचा अंगठा मोडला. तेरा वर्षांचं पोरगं. समोरच्याने शिरावर काठी टाकली, याने अडवली, ती याच्या काठीवरून घसरत मुठीवर आली. हातात साधा मोजा नव्हता, आणि ती चूक माझी. त्यानंतर वर्षभर मी एकच सांगत राहिलो, ‘हात राखून मारा.’ पोरं तेवढंच शिकली. वार अंगाच्या वीतभर अलीकडे थांबायचा, आणि जो वार पोचणारच नव्हता तो समोरचा मन लावून अडवायचा. शिवजयंतीच्या मिरवणुकीत हे देखणं दिसतं. पण अंतर चुकलंय हे दोघांपैकी एकालाही कळत नाही.

हात न राखता मारता यावं, यासाठी साधन लागतं. आपल्या जुन्या वस्तादांना हे नेमकं ठाऊक होतं. फरीगदग्यात तलवारीच्या जागी कातड्याने मढवलेला गदगा आणि ढालीच्या जागी कातडी फरी आहे ती याचसाठी, की शिर, तमाचा, बाहेरा हे वार खरोखर अंगावर टाकता यावेत. जपानमध्ये अठराव्या शतकाच्या आरंभी नागानुमा शिरोझाएमोन या गुरूने बांबूच्या पट्ट्यांची तलवार आणि अंगावरचा संरक्षक साज यांची तालीम बसवली. लाकडी तलवारीने ठरलेले डाव घोटण्यावर जो भर होता, त्याच्या जोडीला मोकळी झुंज आली. आजचा केंडो त्यातूनच उभा राहिला.

पण साधन खोटंही शिकवतं. फेन्सिंगमध्ये विजेवर गुण मोजायला लागल्यावर फॉइलचं, म्हणजे टोकाने भोसकायच्या हलक्या तलवारीचं, टोक क्षणभर टेकलं तरी दिवा लागायचा. मग खेळाडू पातं चाबकासारखं फटकारून समोरच्याच्या पाठीवर टोक टेकवू लागले. २००५च्या सुमारास नियम बदलला, टोक किमान १५ मिलिसेकंद दाबलेलं राहायला हवं असं ठरलं, आणि ते फटकारे बरेच कमी झाले. यंत्राची वेळ बदलली आणि हात बदलला! आपल्याकडे फोमच्या काठीचं हेच होतं. प्लास्टिकच्या पाइपवर फोम चढवला की ती हलकी होते, पोरं नुसत्या मनगटातून टपटप मारतात. बांबूला कमरेचा आणि पायाचा जोर लागतो. म्हणून मी फोमची काठी बांबूच्या काठीशी तराजूत तोलल्याशिवाय घेत नाही.

क्रिकेटचं हेल्मेट चालेल का, हे प्रत्येक पालक विचारतात. नाही चालत. त्याची जाळी चेंडू अडवते, काठीचं टोक त्या फटीतून सरळ डोळ्यावर जातं. फेन्सिंगचा मास्क टोक अडवतो, पण डोक्याची मागची बाजू उघडीच राहते आणि काठीचा दणका झेलायला तो केलेला नाही. त्यावर जाड गादीचं आवरण हवंच. १९८२ साली रोमच्या जागतिक स्पर्धेत व्लादिमिर स्मिर्नोव यांच्या मास्कमधून समोरच्याचं मोडलेलं पातं आत गेलं आणि त्यांचा जीव गेला. त्यानंतर मास्कचे, पात्यांचे, कपड्यांचे निकष कडक झाले. आपल्याकडे निकष तपासायला कुणी येत नाही, ते आपणच तपासायचे. झुंजीआधी काठीवरून कापसाचा बोळा फिरवा. जिथे तंतू अडकतील तिथे चीर आहे, ती काठी बाजूला ठेवा.

मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा साज चढवून झुंज फक्त पहाटे, दोन-दोन मिनिटांची.

शेवटचं, आणि माझ्या जिवाला सगळ्यात लागलेलं. साज चढला की भीती जाते. पोरं समोरची काठी अंगावर घेऊन स्वतःचा वार टाकतात, दोघेही हसत गुण मागतात. काठी खरी, अंग उघडं असतं, तर दोघेही आडवे झाले असते. आमच्याकडे आता वार लागला की गुण लगेच मिळत नाही. मारणाऱ्याने अडवत, दोन पावलं मागे, सुखरूप बाहेर यायचं. त्या दोन पावलांत काठी लागली, तर गुण कुणालाच नाही.