परड्यातला गादीवाफा

नमस्कार श्रोतेहो. वळीव एक-दोनदा पडून गेला की परड्यातली जमीन मऊ होते, कुदळ लागते. तिथून मृगापर्यंत जेमतेम दोन-तीन आठवडे हातात असतात. भाजीपाल्यासाठी कायमचा गादीवाफा, म्हणजे भिंत घालून जमिनीपासून उंच केलेला वाफा, बांधायचा असेल तर हेच दिवस धरा. वाफा भरल्यावर माती बसायला १० ते १५ दिवस लागतात, आणि पाऊस लागल्यावर चिखलात उरकलेलं काम पुढं वर्षभर त्रास देतं.

आपल्याकडं कोल्हापूर जिल्ह्यात गादीवाफ्याचा खरा उपयोग जुलै-ऑगस्टच्या झडीत. पूर्वेला हातकणंगले-शिरोळकडं काळी माती. ती पाणी धरते, फुगते, लवकर निचरा होऊ देत नाही. मुळांना हवा मिळत नाही आणि मिरची-वांगी उभ्या उभ्या पिवळी पडतात. पश्चिमेला पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरीच्या डोंगराकडं उलटी तऱ्हा. जांभ्यावर पातळ तांबडी माती, पाऊस थांबला की लगेच कोरडी. जमिनीपासून फूटभर उंच वाफा दोन्हीकडं कामाला येतो.

आधी जागा आणि माप. दिवसाला किमान ६ तास ऊन हवं. घराच्या भिंतीला वाफा चिकटवू नका, निदान फूटभर अंतर ठेवा, नाहीतर ओल थेट घरात येते. वाफ्याची रुंदी आतून ३ फूट पुरे. बाहेर बसून हात दीड-दोन फुटांपर्यंतच पोचतो, आणि वाफ्यात पाय टाकायची वेळ आली तर भुसभुशीत माती दाबली जाऊन सगळी मेहनत वाया जाते. लांबी १० फूट, उंची १ फूट. दोन वाफ्यांमध्ये २ फुटांची वाट सोडा, म्हणजे भरलेलं घमेलं घेऊन माणूस सहज जाईल. गच्चीवर मात्र एवढा वाफा करू नका. भिजलेल्या मातीचं वजन टनाच्या वर जातं आणि ते सगळं स्लॅबवर येतं.

भिंतीला जांभ्याचा चिरा चालतो, भाजलेली वीटही चालते. ९ बाय ४ बाय ३ इंचाची वीट असेल तर पाच थर लावा. एक थर जमिनीत गाडलेला, चार वर. मोडतोड धरून २०० विटा लागतात. खाली ३ इंच मुरूम धुमसून घ्या आणि भिंत कधीही उकरलेल्या जागेवर उभी करू नका. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते, आणि वर्षभरात भिंतीला पोट सुटतं. १ सिमेंटला ६ वाळू पुरे. जमिनीवरच्या पहिल्या थरात दर ३ फुटांवर एक उभा सांधा मोकळा सोडा, पाणी तिथून बाहेर पडेल. जुन्या सिमेंटच्या पत्र्याचे तुकडे कडेला उभे करायचा मोह होतो, तो टाळा. त्यात ॲस्बेस्टॉस असतं, पत्रा फोडताना उडणारी धूळ छातीत जाते.

आतली जमीन भिंतीपासून अर्धा फूट सोडून ९ इंच खोल खणा, माती उलटू नका, नुसती सैल करा. मुळांना त्यामुळं जवळपास पावणेदोन फूट खोली मिळते. खणताना लव्हाळ्याच्या गाठी आणि हरळीची मुळं एकेक वेचून काढा. वरून पुठ्ठा अंथरला की तण मरतं असं सांगतात. साध्या गवताला ते लागू आहे, पण लव्हाळा पुठ्ठा फोडून वर येतो. घुशींचा उपद्रव असेल तर तळाला अर्धा इंची जाळी अंथरून कडेनं ६ इंच वर वळवा. आणि तळाला खडीचा थर देऊ नका. निचऱ्यासाठी म्हणून पुष्कळ जण देतात, पण बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळीत सहज उतरत नाही, खडीच्या वरच तटून राहतं. ओल मुळांपाशीच साचते.

इथवरचं काम गवंडी एका दिवसात करून देतो. पैसा आणि लक्ष बहुतेकांचं इथंच संपतं, आणि आत जे हाताला लागेल ते भरलं जातं. वाफा बिघडतो तो इथं. आपला जिल्हा उसाचा, त्यामुळं माती, शेणखत, पाचट (उसाचा वाळलेला पाला), मळी (कारखान्यात रस गाळून उरणारा गाळ), राख, सगळं मुबलक आणि स्वस्त. पण यातली एकही गोष्ट तपासल्याशिवाय वाफ्यात जाऊ देऊ नका.

मातीपासून सुरुवात करू. उसाच्या रानातून माती आणणार असाल तर तणनाशकाची चौकशी करा. उसात ॲट्राझीन, मेट्रीब्युझीन, टू-फोर-डी ही नेहमीची औषधं. ॲट्राझीनचा अंश जमिनीत कित्येक महिने राहतो. उसाला त्यानं काही होत नाही, भाजीला होतं. खात्री करायची सोपी रीत अशी. तळाला भोकं पाडलेले दोन डबे घ्या, एकात आणलेली माती, दुसऱ्यात खात्रीची. दोन्हींत घेवड्याचे पाच-पाच दाणे आणि चिमूटभर मेथी टाका, तीन आठवडे नीट बघा. ॲट्राझीन असेल तर रोप उगवतं चांगलं, पण पानं फुटल्यावर त्यांच्या कडा पिवळ्या पडतात, मग करपतात, आणि रोप बसतं. टू-फोर-डी असेल तर पानं मुरडतात, देठ पिळवटतात. घरातल्या कुणाला माती कशी आहे हे कळत नसेल तरी या दोन डब्यांतला फरक कळतो. यासाठी माती वाफा भरायच्या तीन आठवडे आधी दारात हवी.

शिरोळ-हातकणंगलेच्या काही भागात जमिनी क्षारपड झाल्या आहेत. वाळल्यावर ढेकळांवर पांढरी पापडी दिसली तर ती माती फुकट मिळाली तरी घेऊ नका. पुराचा गाळही जपून. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी वस्तीत शिरलं, त्या पाण्यात गटारं आणि सांडपाणीही मिसळलेलं होतं. असा गाळ कच्च्या खायच्या भाज्यांना नको.

आता शेणखत. पुरतं कुजलेलं खत काळपट, हलकं असतं, मुठीत दाबलं तर चुरा होतो, वास मातीचा येतो. शंका असेल तर ओंजळभर खत ओलसर करून बरणीत घट्ट झाकून दोन दिवस ठेवा. उघडल्यावर नाकाला झोंबलं तर खत कच्चं. उकिरड्यातलं खत टोपलीनं थेट वाफ्यात ओतायचं नाही. चाळायचं, प्रत्येक ढेकूळ हातानं फोडायचं. आत अर्धगोल मुडपलेली, पांढरी, तांबूस डोक्याची जाड अळी निघते. हुमणी असो वा दुसऱ्या भुंगेऱ्याची, ती वाफ्यात जाऊ देऊ नका. हुमणी वांग्या-मिरचीची मुळं खाते, आणि झाड मलूल होऊन सहज उपटून येईपर्यंत आपल्याला पत्ता नसतो. हुमणीचे भुंगेरे वळवाच्या पावसानंतर तिन्हीसांजेला बाहेर पडतात, कडुनिंब-बाभळीवर जमतात आणि मग मातीत अंडी घालतात. म्हणून या दिवसांत खताचा ढीग उघडा टाकू नका.

पाचटाबद्दल गैरसमज फार आहे. कोरडं पाचट मातीत गाडलं तर कुजवणारे जिवाणू मातीतला नत्र स्वतःसाठी उचलतात आणि पीक पिवळं पडतं. पाचट मातीवर पसरायचं, मातीत घालायचं नाही. आच्छादन म्हणून त्याला तोड नाही. साखर कारखान्याची मळी खत म्हणून उत्तम, पण ताजी मळी गरम होते, वास मारते, मुळं भाजते. दोन-तीन महिने कुजवून गार झालेलीच घ्या. बॉयलरची राख मात्र काळ्या मातीत नको. ती माती आधीच अल्कधर्मी, राखेनं तिचा अल्कपणा आणखी वाढतो आणि लोह-जस्त पिकाला मिळेनासं होतं. आपल्या मातीचा सामू (पीएच, म्हणजे ती आम्ल की अल्क हे सांगणारा आकडा) माहीत नसेल तर एकदा माती परीक्षण करून घ्या. जिल्ह्यात कणेरी आणि तळसंदे इथं कृषी विज्ञान केंद्रं आहेत, तिथं विचारता येईल.

मिश्रणाचा हिशोब घमेल्यात ठेवू. १० बाय ३ बाय १ म्हणजे ३० घनफूट. मध्यम घमेल्यात साधारण अर्धा घनफूट माल बसतो, म्हणजे ६० घमेली. पाणी पडल्यावर मिश्रण बसतं, म्हणून ७२ धरा. त्यात माती ३६, चाळलेलं शेणखत किंवा गांडूळखत २२, आणि मोकळेपणासाठी जाडसर वाळू किंवा कुजलेला बगॅस (उसाचा चोथा) १४. माती निव्वळ काळी असेल तर या ३६ मधली निम्मी तांबडी घ्या. एक किलो निंबोळी पेंड मिसळा. १० किलो शेणखतात १०० ग्रॅम ट्रायकोडर्मा (पिकाच्या उपयोगाची बुरशी) कालवून, ओलसर करून, गोणपाटाखाली सावलीत आठवडाभर ठेवलेलं असेल तर तेही याच वेळी घाला. रोपं कोलमडण्याचा रोग त्यानं आटोक्यात राहतो. सगळं जमिनीवर नीट कालवून मगच भरा. थरावर थर देऊ नका, मुळं एका थरातून दुसऱ्यात जायला कां-कू करतात.

भरल्यावर तीनदा भरपूर पाणी द्या. दोन-तीन इंच खाली बसेल, उरलेल्या मिश्रणानं भर द्या. वरचा भाग मधे थोडा उंच, कडेला उतरता, कासवाच्या पाठीसारखा करा, म्हणजे झडीचं पाणी वर तुंबत नाही. दहा दिवसांत जे तण उगवेल ते खुरप्यानं वरच्या वर काढा, खोल हलवू नका.

लावणीला घाई करू नका. पहिल्या पावसाळ्यात वांगी २ फुटांवर, मिरची दीड फुटावर, दोन ओळींत आडवी-तिडवी. कडेला पोकळा, शेपू. जवारी (गावरान) बी मिळालं तर तेच घ्या, चवीलाही बरं आणि पुढच्या वर्षीचं बी घरचं धरता येतं. दोडका-कारल्याचा मांडव वाफ्याच्या उत्तरेला घाला. हिवाळ्यात ऊन दक्षिणेकडं कलतं, त्याची सावली मग इतर पिकांवर येत नाही. रोपं हातभर झाली की ३ इंच पाचट अंथरा, पण खोडाला चिकटवू नका. तसं केलं तर ओल धरून खोड कुजतं आणि गोगलगायींना आसरा मिळतो.

पाऊस उघडला की हा वाफा जमिनीपेक्षा लवकर सुकतो, हे ध्यानात ठेवा. कडक उन्हाळ्यात एवढ्या वाफ्याला रोज साधारण १५ लिटर पाणी लागतं. फूटफूट अंतरावर ड्रीपर असलेल्या ठिबकच्या तीन ओळी टाकल्या, ताशी २ लिटरचे ३० ड्रीपर, तर पाव तासात तेवढं पाणी होतं. रोज बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालून बघा. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. दसरा-दिवाळीच्या सुमारास वांग्याचा बहर संपत आला की झाडं मुळासकट उपटू नका, जमिनीलगत कापा, मुळं आत कुजून जागा भुसभुशीत ठेवतात. वर ५-६ घमेली गांडूळखत पसरा आणि त्यावर मेथी, कोथिंबीर, चाकवत, लसूण यांच्या ओळी ओढा, दोन ओळींत अर्धा फूट अंतर ठेवून.