बकेट कधी वळवायची? : खोदकाम आणि भरणी यंत्रांच्या स्वयंचलित नियंत्रणाची पेटंट परीक्षा

लोडरची बकेट मातीच्या ढिगात शिरते तेव्हा पहिल्या काही सेकंदांतच सारे ठरते. बकेट फार खोल रेटली, तर ढिगाचा प्रतिकार इतका वाढतो की चाके जागच्या जागी फिरू लागतात आणि टायर घासले जातात. फार लवकर उचलली, तर ती अर्धीच भरते. मुरलेल्या ऑपरेटरला इंजिनाचा बदललेला आवाज ऐकू येतो, यंत्र अडल्याचे आसनातून जाणवते, आणि त्याच क्षणी तो बकेट थोडी उचलून मागे वळवू लागतो. या उचलीमुळे मातीचा भार पुढच्या चाकांवर येतो आणि त्यांची पकड वाढते. हा निर्णय ऑपरेटरऐवजी नियंत्रकाने घ्यावा, यासाठी अभियंते कित्येक दशके झटत आहेत, आणि त्यांनी काढलेले उपाय अर्जांच्या रूपाने पेटंट कार्यालयांत येऊन पडत आहेत.

खोदणारा यांत्रिक हात ही गोष्ट जुनी आहे. विल्यम ओटिस यांना वाफेवर चालणाऱ्या खोदयंत्राचे अमेरिकी पेटंट २४ फेब्रुवारी १८३९ रोजी मिळाले आणि त्याचा क्रमांक होता १,०८९. आज परीक्षकासमोर येणाऱ्या अर्जात बूम, बकेट आणि हायड्रॉलिक सिलिंडर हे केवळ नेपथ्य असते. नवे काही असलेच, तर ते यंत्र कशावरून आणि कोणत्या क्षणी निर्णय घेते, यात असते.

नमुन्यासाठी एक दावा, म्हणजे अर्जदार नेमक्या कशावर हक्क मागतो ते सांगणारे वाक्य, रचून पाहू. ‘बकेटवरील भार दर्शवणारा सेन्सर आणि त्या सेन्सरच्या संकेतानुसार बकेटची हालचाल नियंत्रित करणारा नियंत्रक असलेले भरणी यंत्र.’ वाचायला हा दावा आधुनिक वाटतो. परंतु परीक्षक दाव्यातील शब्दांचा वाजवी असा व्यापकात व्यापक अर्थ घेऊन वाचतो, आणि तसे वाचल्यावर ठरावीक दाबाला सिलिंडर थांबवणारा एखादा जुना दाबस्विचही या दाव्यात बसतो. अर्जदाराच्या मनात कितीही बारकाईची यंत्रणा असो, त्याने कागदावर मागितले ते हेच. त्यामुळे नावीन्याच्या कसोटीवर हा दावा पहिल्याच फेरीत पडतो. अशा अर्जदारांबद्दल फार हळहळ वाटण्याचे कारण नाही, कारण मोठे कुंपण घालून पाहायचे आणि हरकत आली की आत सरकायचे, ही बहुधा ठरवून केलेली चाल असते.

या क्षेत्रातील शोधमोहीम आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या ई०२एफ या उपवर्गापासून सुरू होते, ज्यात गाळ उपसणे आणि माती हलवणे यांची यंत्रे येतात. त्यातील ३/४३ या गटात बकेटच्या स्थितीचे नियंत्रण येते आणि ९/२० या गटात चालन व नियंत्रणाची साधने. अमेरिका आणि युरोप यांच्या सामायिक वर्गीकरणात त्याखाली आणखी बारीक कप्पे आहेत: आपोआप होणाऱ्या हालचालींच्या क्रमासाठी एक, आणि एकदा केलेली हालचाल लक्षात ठेवून पुन्हा करणाऱ्या यंत्रणांसाठी दुसरा. जपानी उत्पादकांच्या अर्जांनी हे कप्पे भरलेले असल्यामुळे परीक्षकाला यंत्राने केलेली भाषांतरे वाचत बसावे लागते. शिवाय शोध पेटंटांपुरता थांबत नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस २५ टनी एक्स्कॅव्हेटरवर दोन लेझर स्कॅनर बसवून तो माती खोदून ट्रकमध्ये आपोआप भरतो, हे दाखवून दिले होते आणि त्यावर शोधनिबंधही प्रसिद्ध केले होते. ‘स्कॅनरने ट्रक ओळखून त्यात माती टाकणारे यंत्र’ एवढेच मागणाऱ्या आजच्या अर्जापुढे तो निबंध आडवा येतो.

आता हरकतीनंतर आत सरकलेला दावा पाहू. बकेट भरली की सिलिंडरमधील दाब चढतो, हे खरे. पण बकेटचे दात गाडलेल्या दगडाला अडले तरीही दाब चढतो, आणि तेव्हा बकेट जवळपास रिकामीच असते. नुसत्या दाबावर विसंबलेले यंत्र अशा वेळी हवाच भरून घेते. दोन्ही प्रसंगांत फरक असतो तो चढण्याच्या रीतीत: माती भरत असताना दाब हळूहळू वाढतो आणि सिलिंडरचा दांडा सरकत राहतो, तर दगड लागल्यावर दाब एकदम उसळतो आणि दांडा जागीच थांबतो. अर्जदार म्हणतो की माझा नियंत्रक दाब आणि दांड्याचा वेग दोन्ही एकत्र पाहतो, आणि दगड असल्याचे ठरले तर बकेट न वळवता किंचित मागे घेऊन वेगळ्या कोनातून पुन्हा शिरवतो.

परीक्षकाला समजा दोन जुनी कागदपत्रे सापडली. एकात दाबाची मर्यादा ओलांडताच बकेट वळते. दुसऱ्यात सिलिंडरचा वेग मोजला जातो, परंतु तो पंपाचा प्रवाह जुळवून इंधन वाचवण्यासाठी. दोन्ही एकत्र केल्यास दोन्ही सेन्सर असलेले यंत्र मिळते, पण दगड आणि माती यांतला भेद करणारा निर्णय त्यातून आपोआप निघत नाही. येथे परीक्षकाचे खरे काम सुरू होते. सामान्य जाणकाराला, म्हणजे या क्षेत्रातल्या सर्वसाधारण अभियंत्याला, हे जोडकाम का सुचले असते, याचे कारण त्याला लिहून द्यावे लागते, आणि ते कारण समोरच्या अर्जातूनच उसने घेता येत नाही. माझ्या मते संपूर्ण परीक्षेतील सर्वांत अवघड जागा हीच, कारण उत्तर वाचून झाल्यावर कोणताही प्रश्न सोपाच वाटतो.

उलट बाजूने अर्जदारालाही ‘पूर्वी माणूस करायचा, आता यंत्र करते’ एवढ्यावर सुटका नाही. पिस्टन ओतण्याच्या साच्याला टायमर आणि सोलेनॉइड जोडणाऱ्या व्हेनर यांच्या प्रकरणात अमेरिकी अपील न्यायालयाने १९५८ मध्येच सांगितले होते की तोच परिणाम साधणारी हाताची कृती स्वयंचलित केल्याने दावा वेगळा ठरत नाही. पुढे २००७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने केएसआर प्रकरणात, समायोज्य पेडलला इलेक्ट्रॉनिक सेन्सर जोडणे जाणकाराला सहज सुचण्याजोगे होते, असे ठरवले. पेडल मोटारीचे होते, पण खोदयंत्रांच्या अर्जदारांनाही तो निकाल चांगलाच लागू पडतो.

युरोपीय कार्यालय हाच विचार दुसऱ्या वाटेने करते: सर्वांत जवळचे पूर्वज्ञात तंत्र निवडायचे, त्याच्याशी असलेला फरक कोणती तांत्रिक अडचण सोडवतो ते मांडायचे, आणि मग तो उपाय उघड होता का, हे विचारायचे.

आणखी एक हरकत हल्ली वरचेवर येते. दाव्यात ‘योग्य मार्ग ठरवण्यासाठी योजलेला नियंत्रक’ असे असते आणि विवरणात, म्हणजे अर्जातील शोधाच्या वर्णनात, मात्र एका चौकोनावर ‘नियंत्रक’ लिहिलेले असते. साधन केवळ त्याच्या कार्यावरून मागितले असेल आणि ते काम संगणक करणार असेल, तर अमेरिकेत विवरणात त्यामागची कार्यपद्धती पायरीपायरीने द्यावी लागते. ॲरिस्टोक्रॅट प्रकरणातील २००८च्या निकालानंतर त्यात पळवाट उरलेली नाही. न्यूरल नेटवर्कने खोदण्याचा मार्ग ठरवणाऱ्या अर्जांची अडचण याहून मोठी आहे. जाळ्याला कोणता डेटा शिकवला, आत काय जाते आणि बाहेर काय येते, हे न सांगता ‘प्रशिक्षित प्रारूप’ असे लिहून भागत नाही.

आपल्या दगडाच्या दाव्याला अखेर मंजुरी मिळाली असे धरू. परीक्षक मंजुरीच्या कारणांत लिहितो की दाब आणि दांड्याचा वेग एकत्र पाहून बकेट मागे घेणे पूर्वज्ञात तंत्रात आढळले नाही. ही फाइल सार्वजनिक असते. प्रतिस्पर्धी कंपनीचा अभियंता ती वाचतो, आणि दांड्याच्या वेगाऐवजी दातांवरील कंपनांनी दगड ओळखता येईल का, याचा विचार करू लागतो; कारण दाव्यात वेग आला आहे, कंपने आलेली नाहीत.