डाव्या अंगाचं चाक

नमस्कार श्रोतेहो. एकेकाळी मास्तरांच्या, ग्रामसेवकांच्या स्कूटरला साइडकार, म्हणजे बाजूला जोडलेला एका चाकाचा डबा, दिसायची. बायको मागे, लेकरं डब्यात, बाजाराची थैली लेकरांच्या पायाशी. मग घरोघरी दुसऱ्या गाड्या आल्या अन् ती दिसेनाशी झाली. आता कुठंकुठं जुन्या बुलेटला कोणी हौसेनं पुन्हा डबा जोडतो. अशा हौशी मंडळींशी आज बोलायचं आहे.

ज्याला मोटरसायकल फर्मास येते, त्यालाच ही गाडी जास्त छळते. दोन चाकांवर आपण वळणात अंग कलवतो अन् गाडी आपोआप वळते. इथं गाडी कलतच नाही. हँडल दोन्ही हातांनी ओढून वळवावं लागतं. संध्याकाळी खांदे बोलतात.

आपल्याकडे डबा डाव्या बाजूला. त्याचं चाक नुसतं ओढलं जातं, त्याला इंजिनाचा जोर नाही. म्हणून रेस दिली की गाडी डावीकडे खेचते. जोडीतला डावा बैल अंगचोर असला की बंडी जाते तशी. ब्रेक दाबला की उलटं. डब्याच्या चाकाला ब्रेक नसेल, तर गाडी थांबते पण डबा पुढं रेटतो, अन् तोंड उजवीकडे फिरतं. उजवीकडे म्हणजे समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिशेनं, हे ध्यानात ठेवा. अंतर राखा, ब्रेक हळू दाबा, हँडल डावीकडे धरून ठेवा.

खरी परीक्षा डाव्या वळणाची. रिकामा डबा तिथं उचलतो. म्हणून शिकताना डब्यात रेतीची चुंगडी टाका, चाळीस-पन्नास किलोची, अन् ती हलू नये म्हणून बांधा. बाजार नसेल त्या दिवशी बाजाराचं मैदान मोकळं असतं. तिथं डावीकडे सावकाश गोल फिरा. गोल थोडा आवळा. चाक जमिनीपासून बोटभर सुटलं की हँडल सरळ करा अन् रेस हळूच कमी करा. चाक खाली बसतं. हे हाताला पुरतं कळेपर्यंत रस्त्यावर जायची घाई नको. वळणाच्या आधीच वेग कमी करायचा अन् आपलं अंग डब्याकडे झुकवायचं. घाबरून डावा पाय मात्र खाली टेकवू नका. गाडी अन् डबा यांच्या मधात सापडला तर पाय गेलाच म्हणून समजा.

सपाट रस्त्यावर, सारख्या वेगातही गाडी एकाच बाजूला ओढत असेल, तर दोष हाताचा नाही, जोडणीचा आहे. डब्याचं चाक पुढून किंचित आत वळलेलं अन् गाडी किंचित बाहेर, उजवीकडे, कललेली लागते. ही कामं जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्या. अन् डबा जोडण्याआधी आरटीओची परवानगी काढा, नाहीतर अपघात झाल्यावर विमा कंपनीशी भांडत बसावं लागेल.

पांदण रस्त्याचं वेगळंच आहे. बंडीच्या चाकोऱ्यांशी हिच्या चाकांचं माप जुळत नाही. एक चाक चाकोरीत, तर दुसरं मधल्या उंचवट्यावर. पावसाळ्यात काळी माती डब्याच्या मडगार्डात गच्च बसते, चाक अडतं अन् गाडी डावीकडे ओढू लागते. उतरा, काडीनं माती काढा, पुढं चला.

आणखी एक. हिला रिव्हर्स नाही. अरुंद बोळीत शिरण्याआधी समोरून निघायला वाट आहे का ते पाहून घ्या. नसेल तर धक्का मारायला दोन पोट्टे सोबत न्या. नमस्कार.